आमच्या हिचं अक्षर

नाही, हसा, हसा तुम्ही! तुमच्या बायकोचं अक्षर तुमच्या घरात राहतं ना, मग हसाल नाहीतर काय! असेल फ्रीजच्या दारावर चिकटवलेलं, असेल जॅमच्या बरणीवर, फार तर शेजारणीला धाडलेल्या निरोपाच्या चिठ्ठीवर... बस्स, संपलं! दाराबाहेर पाऊल टाकलं की तुम्ही मोकळे. आणि मी? मी सकाळी पाव आणायला सीब्रेनच्या बेकरीत जातो, तर काचेवर ही एवढाली अक्षरं, 'आत या, पण पाय पुसून या!' आणि अक्षर कुणाचं? आमच्या हिचं!

मी पाय पुसतो. काय करणार, सवय! एकदा पुसतो, पुन्हा वाचतो, पुन्हा पुसतो. आतून सीब्रेन ओरडतो, "अरे गेर्लोफ, पुरे! पायपुसणं फाटेल!" त्याला ओरडायला काय जातं! त्याच्या बायकोचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत नाचलेली, ते कोण काचेवर लावतंय? बरं, पाव घेऊन निघावं तर पिशवीवर तेच, 'गरम आहे, लगेच खा!' तुम्हाला सांगतो, मी रस्त्यातच तोडून खाल्ला. घरी आलो तर ही दारात उभी. "अर्धा पाव कुठे गेला?" म्हटलं, "तूच खा म्हणालीस!"

आता हे झालं कसं, ते ऐका. मी पालिकेत कारकून. म्हणजे होतो. सूचना लिहिणं हे माझं काम. 'येथे सायकल लावू नये.' 'कालवा गोठल्यास बर्फावर उतरण्यापूर्वी चौकशी करावी.' सरळ, ताठ, एकसारखी अक्षरं, एकाचा खांदा दुसऱ्याला लागायचा नाही. माझ्या हातून गेलेली एकही पाटी कधी कुणाकडे बघून हसली नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे! आणि घरी ही... रेन्स्के. हिचं अक्षर म्हणजे, कसं सांगू तुम्हाला, जत्रा हो, जत्रा! आमच्या लिपीतला गोल 'ओ' काढेल तर फुगलेल्या पावासारखा, आणि आत डोळा मिचकावल्यासारखा एक ठिपका. 'के'चा पाय असा उडालेला की शेजारच्या अक्षरानं सांभाळून राहावं. 'जी'ची शेपटी मांजरासारखी वळून खालच्या ओळीत जाऊन झोपलेली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं होतं, "अगं, जरा ओळीत लिही की!" तर म्हणाली, "ओळीत तुम्ही उभे राहा. माझ्या अक्षरांना कुठे कामावर जायचंय?" विषय तिथेच संपला. सगळे विषय तिथेच संपतात आमचे.

पण तोवर ही अक्षरं घरात होती. कुठे? तर संडासात. म्हणजे वाढदिवसांच्या कॅलेंडरवर. हसू नका! वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात नाही लावायचं तर कुठे लावायचं? बैठकीत? बैठकीत माणूस निवांत असतो कधी? दाराच्या आतल्या बाजूला, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर, महिन्याला एक पान, आणि पानावर अख्खं गोत. ही आत्या, तो भाचा, तो एके काळचा दूधवाला. आणि एक सांगतो, आपलं नाव कुणाच्या संडासात आहे नि कुणाच्या नाही, यावर आमच्याकडे माणसाची किंमत ठरते. पाहुणा आला की आधी तिथे जातो, निकड असो वा नसो, आणि हळूच आपलं पान उलटून बघतो. सगळे बघतात. कबूल कुणी करत नाही.

तर माझ्या वाढदिवसाला आफ्के आली. आफ्के म्हणजे हिच्या धाकट्या बहिणीची, बाउक्येची, मुलगी. ग्रोनिंगन शहरात असते, अक्षरं बनवते. म्हणजे टाइपफेस. मी एकदा विचारलं होतं, "पोरी, पोट भरतं का गं त्यावर?" तर म्हणाली, "काका, तुम्ही वर्तमानपत्रात वाचता ती अक्षरं काय झाडाला लागतात?" असली तिखट! ती गेली संडासात... आणि बाहेरच येईना! आम्ही सगळे गोल करून खुर्च्यांवर बसलेले, मांडीवर केकच्या बशा, कॉफी निवून गेलेली, आणि कुणी बोलत नाही, कारण असल्या बाबतीत आमच्याकडे कुणी बोलत नाही, नुसते खिडकीबाहेर बघतात. शेवटी एकदाचं दार उघडलं, तर ही पोरगी कॅलेंडर छातीशी कवटाळून उभी, आणि डोळे असे चमकतायत!

"मावशी! हे मी नेते!"

"अगं, नेतेस काय? लोकांनी तिथे बसून बघायचं काय?"

"मावशी, या अक्षरांचा मी टाइपफेस करणार! यंत्रावर बडवायचं आणि तुझ्या हातचं उमटायचं!"

मी म्हटलं, हातचं अक्षर दर वेळी निराळं, यंत्राचं दर वेळी तेच, शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. तर म्हणे, "नाही ओळखणार, काका! एकेक अक्षर मी चार तऱ्हांनी काढणार. एका ओळीत दोन 'ओ' आले तरी दोघांची तोंडं वेगळी! हातचं कुठलं आणि यंत्रातलं कुठलं, सख्ख्या बहिणीला कळणार नाही!"

सख्ख्या बहिणीला. हे वाक्य जरा लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं...

आणखीही एक बजावलं होतं तिनं, खोटं कशाला बोलू. "काका, हा वाचायचा टाइपफेस नाही, हा बघायचा. मोठा वापरायचा, थोडा वापरायचा आणि आनंदाच्या जागी वापरायचा." मोठा, थोडा आणि आनंदाच्या जागी! आमच्या गावानं यातलं एकच ऐकलं. मोठा!

टाइपफेसचं नाव काय ठेवलं, तर 'रेन्स्के मावशी'. आधी सीब्रेननं घेतला. ठीक आहे, पाव ही आनंदाची जागा. मग न्हाव्यानं घेतला. मग दंतवैद्यानं! खुर्चीत आडवा होतो, वर बघतो, तर छतावर 'मोठ्ठा आ करा!' जिनं जन्मभर मला तोंड मिटायला सांगितलं, ती आता छतावरून आ करा म्हणते! मग बंधाऱ्यावर पाटी आली, 'पाणी खोल आहे!' आणि त्या 'ओ'चा डोळा असा मिचकावलेला, की पाणी खोल आहे ही जणू गावाला बक्षीस लागल्याचीच बातमी! माणसं कपडे काढायला लागली हो! आणि शेवटी अंत्यविधी करणाऱ्यानं. त्याच्या लांबलचक काळ्या गाडीवर, नाचऱ्या अक्षरांत, 'काळजी नको, आम्ही नेतो!' शेजारचा डाउवे, नव्वदी उलटलेली, गाडी जाताना बघून काठीवर रेलून मला म्हणतो, "गेर्लोफ, तुझ्या बायकोला निरोप दे. म्हणावं, बोलावणं पोचलं, पण सध्या जमत नाही."

आणि मग पालिका. माझी पालिका! मी पासपोर्टाच्या कामाला गेलो, तर माझ्याच खिडकीवर, 'इथे बसा, नंबर येईल!' उद्गारचिन्हासकट! अहो, सबंध नोकरीत मी एक उद्गारचिन्ह काढलं नाही! वादळात चर्चचं छप्पर उडालं, तेव्हाची सूचनासुद्धा मी पूर्णविरामानं संपवली होती! खिडकीतली नवी मुलगी म्हणाली, "छान आहे ना अक्षर, आजोबा? कसं प्रसन्न वाटतं!" म्हटलं, "माझ्या बायकोचं आहे." तर मान वाकडी करून, माझ्या वयाच्या माणसांसाठी राखून ठेवलेल्या आवाजात म्हणते, "हो-ओ? अरे वा! बसा हं तुम्ही तिकडे." बसलो. सांगूच कुणाला, की अक्षर कुणाचं? आमच्या हिचं!

ही मात्र खूश! लोणी आणायला निघाली की मुद्दाम लांबच्या रस्त्यानं जायची, एकेक पाटी बघत, स्वतःच्या 'जी'च्या शेपट्या न्याहाळत. परत आली की गाल लाल. म्हणायची, "अहो, केस कापायच्या दुकानात माझं 'के' काय ऐटीत उभं आहे!" मी कुरकुर करायचो, पण खरं सांगू? बरं वाटायचं. सत्तरीला टेकलेली बाई गावभर मिरवतेय, कुणाला बरं वाटणार नाही!

आणि इथे घोळ झाला. आफ्केनं जुनं कॅलेंडर काही परत दिलं नाही, ते म्हणे आता काचेत ठेवायचं. त्याऐवजी भेट म्हणून नवं आणलं. जाड कागद, सगळी नावं त्याच टाइपफेसात छापलेली, बघणाऱ्याला वाटावं, हिनं कालच बसून लिहिलं. हिनं खिळ्याला अडकवलं, झालं. पानं तपासायची कशाला? अक्षर आपलंच की!

रविवारी बाउक्ये आली कॉफीला. आली तशी आधी तिथे गेली. आणि बाहेर आली ती कोटाची बटणं लावतच.

"ताई, मी मेले का?"

"अगं, काय बोलतेस!"

"मग मार्चच्या पानावर मी कुठे आहे? डाउवे आहे! दूध न घालणारा दूधवाला आहे! भावजींच्या हपिसातला तो घोरणारा साहेब आहे! मी नाही!"

आम्ही धावलो. संडासात तिघं मावत नाहीत, पण मावलो. खरंच नव्हतं! झालं होतं एवढंच की आफ्केनं जुन्या कॅलेंडरवरून नावं उतरवून घेताना नेमकी आपली आई गाळली होती. मागाहून फोनवर रडकुंडीला येऊन म्हणते, "काका, आईचा वाढदिवस कुणी लिहून ठेवतं का? तो माहीत असतो! हात आपोआप पुढे सरकला!" पटतं की नाही? मला पटलं. पण बाउक्येला कोण पटवणार! पोटची पोर आईला विसरेल, हे कुठल्या आईला खरं वाटेल? "पोरगी मावशीला पाठीशी घालतेय," म्हणाली. ही बिचारी घसा कोरडा करून सांगतेय, "अगं, शप्पथ, मी नाही लिहिलं ते!" तर बाउक्ये बोट रोखून म्हणते,

"मग अक्षर कुणाचं? तुझंच ना, ताई?"

बघा! माझं वाक्य! मी गंमत म्हणून गावभर म्हणत फिरलो, आणि ते असं फिरून हिच्याच अंगावर आलं... बाउक्ये गेली. दार आपटलं नाही. आमच्याकडे दार आपटत नाहीत, हळू लावतात. ते जास्त लागतं.

मग हिनं कार्ड लिहायला घेतलं. सबंध सकाळ बसून, चांगल्यातलं पेन आणून, न पुसणारं, खास बहिणीसाठी. 'बाउक्ये, माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला ये. तू आल्याशिवाय मी केकला सुरी लावणार नाही.' टाकलं पेटीत. उत्तर आलं फोनवर, तेही मला.

"भावजी, ताईला सांगा, मला छापील माफी नको."

"अगं, हातानं लिहिलंय!"

"मला शिकवू नका! माझ्याच मुलीनं बनवलंय ते यंत्रातलं. खिडकीशी धरून बघितलं, बोट ओलं करून घासून बघितलं. पुसत नाही! शाई असती तर पुसली असती!"

आता बोला! जे हिनं लिहिलं नाही ते हिचं, आणि जे लिहिलं ते यंत्राचं! चांगलं पेन घेतलं हा गुन्हा! कुठल्या कचेरीत दाद मागायची? मी जन्म काढला कचेरीत, मला एकही खिडकी आठवेना.

आणि ही गप्प झाली. लांबचा रस्ता बंद, लोणी जवळच्या दुकानातून. केकसाठी आणलेले बदाम तसेच पुडीत. तुम्हाला सांगतो, काय तो प्रकार! गावात पाऊल टाकावं तर भिंती हसतायत, गाड्या हसतायत, पिशव्या खिदळतायत, दंतवैद्याचं छतसुद्धा हसतंय, आणि अक्षर कुणाचं? आमच्या हिचं! आणि घरी यावं, तर त्या अक्षरांची मालकीण खिडकीशी बसलेली, तोंडावर हसू म्हणून नाही. सत्तरावा दोन दिवसांवर. मला तर तिची बोलणी ऐकायचीही तहान लागली हो... मी मुद्दाम चिखलाच्या बुटांनी आत आलो. काही म्हणाली नाही!

मग मात्र मी उठलो. संडासात गेलो, कॅलेंडर काढलं, मार्चचं पान उघडलं, आणि कचेरीतलं जुनं काळं पेन घेऊन योग्य तारखेला लिहिलं, 'बाउक्ये'. सरळ, ताठ. त्या जत्रेत माझं अक्षर म्हणजे वरातीत उभा केलेला हवालदार! कॅलेंडर काखेत मारलं आणि सायकल काढली. बाउक्येचं गाव कालव्यापलीकडे. वारा समोरून. आमच्याकडे तो जातानाही समोरून असतो आणि येतानाही. अर्ध्या वाटेत कालव्याचा पूल वर गेलेला, खालून एक शिडाची बोट चाललीय गोगलगाईच्या चालीनं, आणि फाटकावर पाटी, 'धीर धरा, बोट जातेय!' अक्षर कुणाचं, ते आता मी सांगायलाच हवं का? तिथे ही भली मोठी रांग, आणि मी मध्ये, काखेत वाऱ्यानं फडफडणारं संडासातलं कॅलेंडर घेऊन. एक जण विचारतो, "काय हो, घर बदलताय का?"

बाउक्येच्या स्वयंपाकघरात बसलो. कॉफी आली. बिस्किटांचा डबा फळीवरच. आता कॉफीबरोबर एक बिस्कीट आमच्याकडे वैऱ्यालाही मिळतं. एक द्यायचं आणि झाकण लावायचं. एकसुद्धा नाही, म्हणजे प्रकरण फारच पुढे गेलं होतं! मी पान उघडून पुढे सरकवलं. तिनं चष्मा लावला. बघितलं. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"यंत्रातलं नाही?"

"बाउक्ये, असलं अक्षर कोण यंत्रात घालील?"

तिचा ओठ हलला. "भावजी, हे माझं नाव आहे की पालिकेची सूचना? मला वाटलं, 'येथे बाउक्ये लावू नये'!" आणि लागली की हसायला! हसता हसता म्हणते, "आणि हे असं काखेत घेऊन आलात? पुलावरून? लोकांनी बघितलं?"

"सगळ्यांनी."

"ताईनं पाठवलं?"

"तिला ठाऊक नाही. ती... ती हसत नाही गं हल्ली. गावभर हसते, घरात नाही. त्या कार्डाला सबंध सकाळ लागली होती तिला."

बाउक्ये उठली, फळीवरून डबा काढला, एक बिस्कीट माझ्या बशीत ठेवलं, झाकण लावलं. मी म्हटलं, चला, मिटलं. आणि तिनं पुन्हा झाकण उघडलं! दुसरं बिस्कीट! अहो, माझ्या साखरपुड्याला सुद्धा तिच्या आईनं मला दुसरं दिलं नव्हतं!

सत्तराव्याला बाउक्ये आली. दारात ही उभी. "आलीस?" "आले." संपला संवाद! आणि बाउक्ये तडक संडासात. आम्ही सगळे खिडकीबाहेर बघत बसलो. बाहेर आली, कोट काढून खुंटीला लावला, आणि हिच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन म्हणाली, "ताई, ते बदाम जरा जास्तच भाजलेस गं, इथवर वास येतोय!" मग काय विचारता! आमच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं. माझं, बायकोचा वाढदिवस म्हणून. बाउक्येचं, बहिणीचा वाढदिवस म्हणून. डाउवेचं, शेजारणीचा वाढदिवस म्हणून, शिवाय तो अजून त्या काळ्या गाडीतून गेला नव्हता, म्हणूनही! आणि ही हसली. गाल पावासारखे फुगले, एक डोळा मिचकावला... आणि मला एकदम दिसलं हो! तो 'ओ'! इतकी वर्षं मी त्याला ओळीत उभा राहा म्हणून सांगत होतो, आणि तो हिचा चेहरा होता!

तर असं सगळं छान चाललेलं, केकला सुरी लागलेली... आणि आफ्के संडासात गेली.

आणि बाहेरच येईना.

मी हातातली बशी खाली ठेवली. दार उघडलं. कॅलेंडर छातीशी. डोळे चमकतायत.

"मार्चमधलं हे कुणी लिहिलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. बायकोनं सगळ्यात आधी.

"काका! अहो, किती कंटाळवाणं अक्षर आहे हे! किती रुक्ष, किती निर्जीव! मी कधीपासून असलंच शोधतेय! मावशीच्या अक्षराखाली बारीक मजकूर लागतो ना, त्याला!"

केलाच तिनं माझ्याही अक्षराचा टाइपफेस. आता सीब्रेनच्या पिशवीवर वर हिचं, 'गरम आहे, लगेच खा!' आणि खाली माझं, 'तोंड भाजल्यास बेकरी जबाबदार नाही.' बंधाऱ्यावर वर हिचं, 'पाणी खोल आहे!' खाली माझं, 'पोहू नये.' आणि त्या काळ्या गाडीवर वर 'काळजी नको, आम्ही नेतो!' आणि खाली, 'कृपया वेळ आधी ठरवावी.'

परवा बेकरीत एक बाई पिशवी हातात घेऊन म्हणाली, "अगंबाई, काय गोड अक्षर आहे!" मी सरसावलो. म्हटलं, "बाई, आणि खालचं?"

तर बाई पिशवी डोळ्यांशी धरून म्हणतात, "खाली काही लिहिलंय होय?"

...म्हणजे घरातल्यासारखंच की हो!